ताणावर ठेवलेला फ्यूज

१

महादेवराव गावंडेच्या घरी चोरी झाली. दागिने जागेवर, टीव्ही जागेवर, वच्छलावहिनींच्या कपाटाची किल्ली कपाटालाच लटकलेली. गेला तो एक फ्यूज. बोटाच्या पेराएवढा.

फोन आला तेव्हा मी कुलरमध्ये पाणी टाकत होतो. मे महिना, अमरावती, एका हातात बादली. मी म्हटलं, "बदलून टाक."



"नागसेन," महादेवराव म्हणाला, "थो साधा फ्यूज नव्हता. तू ये."

मी वीज कंपनीच्या भरारी पथकात होतो. आयुष्य तारेवरचे आकडे आणि मीटरला चिकटवलेले लोहचुंबक काढण्यात गेलं. देवाच्या फोटोमागून शेजाऱ्याकडे गेलेली वायर काढली तेव्हा त्या घरच्या म्हातारीने मला शाप दिला होता, गुडघ्यांचा. तो लागला. रिटायर झालो तर लोकांचा समज असा की या माणसाला आता काम नाही. कोणाचा मोबाइल हरवतो, कोणाची मोटर. मी जातो, कारण नाही म्हणायलाही जोर लागतो.

महादेवरावची वरूडला संत्र्याची बाग आहे आणि अमरावतीच्या घरी वरच्या मजल्यावर गाणं ऐकायची खोली. खोलीत अ‍ॅम्प्लिफायर, दोन कपाटांएवढे स्पीकर आणि एक जुना टेपडेक. दर रविवारी तिथे तिघं बसतात. महादेवराव, कानाचे डॉक्टर पियुष ढोमणे, आणि कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेला धर्मपाल तायडे. महादेवराव आणि धर्मपाल होस्टेलपासूनचे जोडीदार. मी एकदाच गेलो होतो. आवाज नीट ऐकू यावा म्हणून ते कुलर बंद करतात. मी परत गेलो नाही.

"जपानी माल," मी पोचल्यावर महादेवराव वरच्या खोलीत सांगत होता. "अकोल्याच्या चंद्रभाननं आणून देला. निळा, दोन्हीकडून चांदी, वरतं बाण. करंट यातून शुद्ध होऊन आत जाते."

मी नोकरीत होतो तोवर करंट शुद्ध-अशुद्ध झालेला नव्हता. माझ्या मागेच झाला असावा.

"किती दिवसांपासून होता?"

"दिवाळीपासून. काय सांगू तुले, पडदा हटला रे. तबल्याच्या शाईवर बोट फिरते ना, थे ऐकू याले लागलं. दर पंधरा दिवसाले मी बाणाची दिशा उलटी करतो. अन् आता तं ताण देल्ला होता."

"कोणाले?"

"सिस्टिमले."

संत्र्याच्या झाडाला बहार यायच्या आधी पाणी तोडतात. झाड सुकतं, पानं गाळतं, त्याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सोडलं की फुलांनी भरून जातं. महादेवरावने हेच सिस्टिमला केलं होतं. मागच्या रविवारी बाण फिरवला, वर चादर टाकली, कोणीही बटन दाबायचं नाही अशी घरात ताकीद दिली आणि आठवडाभर वरूडला निघून गेला. शनिवारी आला. काल, रविवारी, ताण तोडला.

"पहिलंच गाणं लावलं. डॉक्टरच्या डोळ्यातून पाणी आलं. मंग आमी खाली गेलो गिलावडा खायाले. वापस आलो, बाण पाहाले खण ओढला, तं जागा खाली. फ्यूज गायब. तसंच लावून पाह्यलं, तं मेलेला आवाज. डॉक्टर म्हणे, ब्लँकेट टाकल्यासारखा."

"फ्यूज नाही, तं वाजलं कसं?"

"आत कंपनीचा एक साधा आहे ना. थो कामापुरता. बाहेरचा आवाजापुरता."

मी मान हलवली. उन्हात वाद घालायचा नाही हा माझा नियम आहे.

"तू फ्यूज डोळ्यानं शेवटचा केव्हा पाह्यला?"

"मागच्या रविवारी. पण काल ऐकला ना. पहिल्या गाण्यात होता, दुसऱ्यात नव्हता. म्हणजे मधातच गेला, गिलावड्याच्या टायमाले."

"अन् तेव्हा वर कोण होतं?"

महादेवरावने पंख्याकडे पाहिलं.

"धर्मपाल. त्यानं गिलावडा बी नाही खाल्ला. मी त्याले सांगतलं, आता या घरात पाय ठेवू नको." मग तो हळूच म्हणाला, "अन् शकुनची टेप बी इथीच राहीन."

२

टेपचं सांगायला पाहिजे. शकुन म्हणजे धर्मपालची बायको. गायची. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तिचं गाणं सुरू झालं की मागच्या रांगेतले बिड्या विझवायचे. महादेवरावकडे तेव्हा टेपरेकॉर्डर होता. स्टेजच्या खाली उकिडवं बसून त्यानेच ते गाणं भरून घेतलं. शकुनला जाऊन पाच वर्षं झाली. तिचा आवाज जगात एवढ्या एकाच टेपवर आहे आणि ती टेप या खोलीत.

म्हणजे एका माणसाचा फ्यूज गेला होता आणि दुसऱ्याची बायको परत जात होती.

मी खाली स्वयंपाकघरात गेलो. वच्छलावहिनी मागच्या दारात एक लांबलचक सतरंजी झटकत होत्या. घरात माणसं दोन, सतरंजी वीस जणांची.

"कोणी येऊन राह्यलं काय, वहिनी?"

"नाही जी. अशीच. धूळ बसते." त्यांनी सतरंजीची गुंडाळी केली आणि जिन्याखाली सरकवली. "पन्हं घ्या, भाऊ. तुमचा चेहरा उतरला."

"माझा चेहरा असाच आहे. रविवारी काय झालं?"

"मी काय सांगू? मी तळून राहिली होती. वरतं हे तिघं डोळे मिटून बसतात. एकदा मांजर येऊन बसली मधात, तं डॉक्टर म्हणे बासरी मऊ झाली."

खिडकीच्या कठड्यावर वहिनींचा संसार होता. शर्टाची बटनं, सेफ्टी पिना, तुटलेली चिमटी, आतून काळं झालेलं काचेचं एक नळकांडं, रबरबँड, अर्धी अगरबत्ती. पन्हं पिता पिता मी ते बघत होतो, जसं माणूस दवाखान्यात जुनं मासिक बघतो तसं.

"धर्मपालनं नेला असन असं वाटते तुमाले?"

"धर्मपाल भाऊ माझ्या घरचं मीठ विचारून घेतात," वहिनी म्हणाल्या. "या घरात चोर नाही. थे मी मोझरीत महाराजांच्या समाधीपुढं उभी राहून सांगीन."

मग त्या थांबल्या. पदराने हात पुसले, परत पुसले.

"भाऊ, एक सांगू काय?"

"सांगा."

वरून महादेवरावची हाक आली, "वच्छला, काल चादर उलटी कशी निघाली? ताणाची चादर मी अशी नव्हती ठेवली."

वहिनींनी माझा ग्लास उचलला. "काही नाही. पन्ह्यात साखर कमी होती, थेच सांगत होती."

३

डॉक्टर ढोमणेंच्या दवाखान्यात मला नंबर लावावा लागला. समोर मोठ्या कानाचं चित्र. आतून एकाला विचारलेलं ऐकू येत होतं, "ऐकू येतंय का? आता? आता?"

"इंगळे साहेब, मी शपथेवर सांगेन," डॉक्टर मला म्हणाले. ते पुण्याला शिकले, त्यामुळे त्यांची भाषा इस्त्री केलेली. "पहिल्या गाण्यात फ्यूज होता. आठवडाभर विश्रांती मिळालेला फ्यूज. आवाजात अशी हवा होती, की तानपुऱ्याच्या चार तारा मला चार ठिकाणी दिसल्या. आणि नंतर नव्हता. हा कान रोज वीस पडदे तपासतो. त्याला फसवता येत नाही."

"तुम्ही डोळ्यानं पाहिला?"

"ऐकल्यावर पाहायचं कशाला?"

मी लिहून घेतल्यासारखं केलं.

"तुमाले तिथलं कोणी शंका घेण्यासारखं वाटते?"

"तायडे सर," ते लगेच म्हणाले. "त्यांचा या गोष्टींवर विश्वास नाही. त्यांना सिद्ध करायचं असेल की फ्यूज काढला तरी आम्हाला कळत नाही. पण कळलं ना." त्यांनी खुर्ची मागे ढकलली. "माझीच डोकेदुखी कमी आहे का? गुरुवारी संध्याकाळी लाइन गेली आणि आली ती अशी आली की माझं ऐकण्याची तपासणी करायचं मशीन जळलं. महादेवरावांच्या आणि माझ्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, तुमची ती डीपी, एकच. तुमच्या वेळी असं व्हायचं का?"

"आमच्या वेळी बी व्हायचं. पावती द्या, अर्ज करा, काही होत नाही."

पावती शोधायला त्यांनी टेबलाचा खण उघडला. कापसाच्या बोळ्यांमध्ये, एका छोट्या मखमली डबीत, निळा फ्यूज होता. दोन्हीकडून चांदी. वर बाण.

आम्ही दोघांनी तो पाहिला. डॉक्टरांनी खण हळूच बंद केला.

४

"तो माझा आहे," डॉक्टर म्हणाले. "आम्ही दोघांनी एकदमच घेतले. दिवाळीत."

त्यांनी चंद्रभानचं बिल दाखवलं, त्यावर दोन फ्यूज आणि दोघांची नावं. डबीचं सीलही फोडलेलं नव्हतं.

"बसवला नाही?"

"वेळच मिळाला नाही हो." मग ते पुढे झुकले. "पण खरं सांगू? घेतल्यापासून घरच्या आवाजात फरक पडलाय."

मी उठलो. बाहेर ऊन होतं, तरी मला बाहेर बरं वाटलं.

धर्मपालच्या घरी कुलर चालू होता, पण पाणी टाकलेलं नव्हतं. गरम वारा फेकत होता. धर्मपाल बनियनवर बसून भिंतीकडे बघत होता. भिंतीवर शकुनचा फोटो, खाली दोन पुस्तकं आणि बाबासाहेबांची छोटी मूर्ती.

"आला काय झडतीले?" तो म्हणाला. "घे. चड्डीचे खिसे बी पाह्य."

"कुलरमध्ये पाणी टाक बे आधी."

"कायले? कोणासाठी?"

मीच बादली भरून टाकली. आयुष्यात मी बहुतेक हेच करत आलो.

"थो फ्यूज म्हणजे विज्ञानाचा अपमान आहे," धर्मपाल म्हणाला. "डीपीपासून घरापर्यंत गंजलेली अ‍ॅल्युमिनियमची तार, अन् शेवटच्या बोटभर जागेत जपानी चांदी. मी महादेवले हजारदा सांगतलं. अपमान कोणी चोरते काय?"

"तू थो कधी उघडून पाह्यला?"

"मी? मी कायले पाहू? मले तत्त्वच मान्य नाही."

"सहा महिने वाद घातला, अन् एकदा बी मागून डोकावला नाही?"

"थ्या खणाले हात लावणं म्हणजे त्याचं म्हणणं मान्य करणं."

पटणाऱ्याने पाहिला नाही कारण त्याला ऐकू येत होता. न पटणाऱ्याने पाहिला नाही कारण त्याला पटत नव्हतं. एवढ्या शिकलेल्या खोलीत डोळे फक्त मिटायच्या कामाचे होते.

"मंग गिलावड्याच्या टायमाले तू वर एकटा काय करत होता?"

धर्मपालने खुर्ची कुलरकडे ओढली. कुलरमधून आता थोडी गार हवा यायला लागली होती.

"टेप लावतो," तो म्हणाला. "दर रविवारी हे सारे खायाले गेले की मी टेप लावतो. हळू आवाजात. तिचं एक गाणं होते तेवढ्यात. मंग टेप जिथल्या तिथी ठेवून देतो. महादेवले माहीत नाही. त्याले वाटते मले पोटाचा त्रास आहे, म्हणून मी तळलेलं खात नाही."

"त्याले सांग ना."

"काय सांगू? बायकोले भेटाले तुह्या घरी येतो म्हणून?"

"मोबाइलवर घेऊन टाक टेप. मंग जाची गरजच नाही."

"घेतली होती. पुसून टाकली." त्याने नाक ओढलं. "मोबाइलवर थे दुसरीच कोणी वाटते."

५

मंगळवारी मी अकोल्याला गेलो. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, म्हणजे उन्हाजवळची. चंद्रभान खेडकरचं दुकान एका बोळात पहिल्या मजल्यावर होतं. मला जिना दिसला आणि मी मनातल्या मनात त्या म्हातारीला नमस्कार केला.

चंद्रभान भला माणूस निघाला, आणि ते जास्त त्रासाचं असतं. लबाड माणसाला पकडता येतं.

"साहेब, मी स्वतः अमरावतीले जाऊन बसवला. हातमोजे घालून. हळद-कुंकू वहिनींनी लावलं."

"कसा बसवला, दाखवा."

त्याच्या दुकानात तसाच अ‍ॅम्प्लिफायर होता. त्याने तो फिरवला. मागे, वायर लागते तिथे, काडेपेटीच्या खणासारखा एक लहान खण होता. त्याने तो नखाने अर्धा ओढला. समोर एक कप्पा, कप्प्यात काचेचा फ्यूज.

"हा कप्पा. यातला काचेचा काढला, आपला निळा ठेवला. दिशा पाहून."

"काचेचा कुठी गेला?"

"माझ्याजवळ आहे ना. तसे शंभर आहेत."

"अन् आतला?"

"आतल्याले हात लावत नाही आपण. खण पुरा ओढला तं वॉरंटी जाते. बाहेरचाच महत्त्वाचा, साहेब. करंट आधी याच्याजवळून जाते."

"जवळून?"

"म्हणजे असं," चंद्रभान हात जोडून म्हणाला, "चांगल्या माणसाच्या शेजारून गेलं तरी फरक पडतेच ना."

मी आजवर मीटर उलटे फिरवणारे पाहिले, जिवंत तारेवर कपडे वाळवणारे पाहिले. पण हे नवीन होतं.

पथकात आमचा एक रिवाज होता. मीटर बंद आणि पंखा चालू असेल तर पंख्याशी भांडायचं नाही. तार कुठून येते ते बघायचं. मी चंद्रभानच्या हातातला खण घेतला आणि पूर्ण बाहेर ओढला. वॉरंटी गेली. खणाच्या मागच्या टोकाला दुसरा फ्यूज होता, दोन पितळी चिमट्यांमध्ये घट्ट बसलेला. समोरच्या कप्प्याला चिमटे नव्हते. पत्रा नव्हता. तार नव्हती. नुसतं प्लास्टिक होतं, चारी बाजूंनी.

"चंद्रभान," मी म्हटलं, "एक खुर्ची द्या."

मी बसलो. एरवी मला हसू आलं असतं. पण मला त्या काळ्या नळकांड्याची आठवण आली, वहिनींच्या बटनांमधल्या, आणि नुसता थकवा आला. चोर सापडला होता. आता ते त्या चार लोकांना सांगायचं होतं.

परत येताना स्टँडजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मी दोन साधे काचेचे फ्यूज घेतले. दुकानदाराने ते वर्तमानपत्राच्या चिटोऱ्यात बांधून दिले. बाण नव्हता.

६

रविवारी मी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. धर्मपाल येत नव्हता. मी म्हटलं, टेपसाठी ये. तो आला आणि दारातच उभा राहिला. महादेवराव त्याच्याकडे पाठ करून बसला. डॉक्टर मधल्या खुर्चीत, जिथे आवाज म्हणे सगळ्यात चांगला येतो. वच्छलावहिनींना मी मुद्दाम वर बोलावलं होतं. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. कुलर मी बंद करू दिला नाही.

"चोरी गिलावड्याच्या टायमाले झाली, याले पुरावा काय?" मी विचारलं.

"आमचे कान," डॉक्टर म्हणाले.

"कान बाजूला ठेवू. डोळ्यानं कोणी पाह्यला? महादेवनं, मागच्याच्या मागच्या रविवारी. म्हणजे फ्यूज त्या आठवड्यात केव्हा बी हलला असन. अन् त्या आठवड्यात धर्मपाल या घरात आलाच नाही."

"पण पहिल्या गाण्यात—" महादेवराव म्हणाला.

"थांब. गुरुवारी संध्याकाळी काय झालं, डॉक्टर?"

"लाइन आली. माझं मशीन जळलं."

"तुमची अन् महादेवची डीपी एकच. तुमचं जळलं, तं इथलं काहीतरी जळाले पायजे. पण सिस्टिम तं ताणावर होती. बंद. चादरीखाली." मी वहिनींकडे पाहिलं नाही. पाहणं बरं वाटलं नाही. "मंग ताणाची चादर उलटी कोणी टाकली? जिन्याखालची सतरंजी कोणासाठी? अन् खालच्या कठड्यावर बटनांमध्ये आतून काळा झालेला काचेचा फ्यूज कोणाचा?"



"माझा," वच्छलावहिनी म्हणाल्या.

महादेवराव वळला.

"हे वरूडले गेले की गल्लीतल्या बाया येतात," वहिनी म्हणाल्या, माझ्याकडे बघून, जणू नवरा खोलीत नाही. "संध्याकाळची मोझरीची प्रार्थना लावतो आमी. याच सिस्टिमवर. खाली बसलेल्या मनकर्णाबाईले बी ऐकू येते, तिले कमी ऐकू येते ना. गुरुवारी मधातच लाइन गेली. आली तं हे बंद. बाया बसल्या होत्या, प्रार्थना अर्धी. मी खण ओढला, आतला पाह्यला, जळला होता. बाहेर एक स्पेअर ठेवला होता. थो टाकला आत. सुरू झालं. स्टॅबिलायझरचं बी आपण असंच करतो."

"स्पेअर?" महादेवराव म्हणाला.

"मंग काय? जादाचा ठेवाची जागा आहे थे. दिवाळीपासून पाहून राहिली मी, तुमी त्या जादाच्याले इकडून तिकडं फिरवता. मले वाटलं, पूजेसारखं काही असन."

मी उठलो. आधी प्लग काढला, ही सवय जात नाही. मग खण पूर्ण बाहेर ओढला आणि सगळ्यांसमोर धरला. पितळी चिमट्यांमध्ये निळा फ्यूज होता. दोन्हीकडून चांदी. बाण होता. मी तो काढून महादेवरावच्या तळहातावर ठेवला.

"दिवाळीपासून हा या प्लास्टिकच्या कप्प्यात बसून होता," मी म्हटलं. "तार नाही, काही नाही. पडदा हटला तेव्हा, शाईवर बोट फिरलं तेव्हा, सारं कंपनीच्या काचेच्यावर वाजत होतं. हा कामाले लागला गुरुवारी. रविवारचं पहिलं गाणं याच्यावर वाजलं. अन् दुसरं, मेलेलं, थे बी याच्यावरच."

घरून निघताना मी बराच वेळ गाडीवर बसून राहिलो होतो. न सांगावं तर धर्मपाल चोर, सांगावं तर महादेवराव येडा. दोघंही माझेच. शेवटी वाटलं, येडा ठरलेला माणूस पुढच्या रविवारी येऊन बसू शकतो. चोर ठरलेला नाही.

महादेवराव तळहाताकडे बघत राहिला. बागेत गारपीट झाल्यावर तो असाच बघत उभा राहतो. फ्यूज त्याने मला परत दिला. मग टेपडेकजवळ गेला, शकुनची टेप काढली आणि धर्मपालपुढे धरली. चेहरा दुसरीकडे.

"लाव," तो म्हणाला. "अन् मोठ्यानं लाव. चोरून कायले ऐकतो? मले काय माहीत नाही काय, तुह्या पोटाले काही झालं नाही थे."

धर्मपालने टेप घेतली. डेकमध्ये घातली आणि झाकण लावलं.

मी खाली वाकून सगळं परत बसवत होतो. चष्मा कपाळावर, वर्तमानपत्राचा चिटोरा मांडीवर, मागे अंधार, गुडघा कुरकुरतोय, आणि वर डॉक्टर विचारतायत की मग त्यांच्या टेबलाच्या खणातल्या फ्यूजमुळे फरक कसा पडला. हाताला लागलं ते चिमट्यात दाबलं, उरलं ते खिशात टाकलं, खण ढकलला, प्लग लावला.

शकुन गायला लागली.

आधी लोकांचा गलका, कोणीतरी माइक ठोकला, मग ती. मी डोळे मिटले नाहीत. धर्मपाल डेकपासून मागे सरला आणि खाली, सतरंजी नसलेल्या फरशीवरच बसला. महादेवराव त्याच्या शेजारी बसला, गुडघे मोडत, कण्हत. वहिनींनी जाऊन कुलर बंद केला. या वेळी मी करू दिला.

गाणं संपलं तेव्हा टेपवरच्या टाळ्या वाजल्या.

"आता खरा लागला," महादेवराव म्हणाला. "फरक आहे."

"प्रचंड," डॉक्टर म्हणाले.

"तुमाले फरक केव्हा नव्हता वाटला?" वहिनी म्हणाल्या आणि गिलावडे आणायला गेल्या.

आम्ही सगळे धर्मपालकडे बघत होतो. आता तो डीपी काढेल, गंजलेली तार काढेल, विज्ञानाचा अपमान काढेल. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"म्हणाले तं नाही पायजे," तो म्हणाला, "पण आज थे जवळून गायली."

कोणी त्याला खोडून काढलं नाही. महादेवरावने बटन दाबून टेप सुरुवातीपर्यंत उलटी फिरवली.

मी गिलावडा कागदात घेतला आणि निघालो. खाली गाडीजवळ येऊन किल्लीसाठी शर्टाच्या खिशात बोटं घातली. किल्लीबरोबर चिटोरा निघाला. त्यात एक काचेचा फ्यूज होता, एकच. आणि त्याच्या खाली, खिशाच्या कोपऱ्यात, निळं काहीतरी. दोन्हीकडून चांदी. बाण माझ्या बरगडीकडे.

वर गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं होतं. वर जाऊन सांगावं असं एकदा मनात आलं. मी जिन्याकडे पाहिलं. मग फ्यूज परत खिशात टाकला, गिलावडा डिक्कीत ठेवला आणि गाणं संपेपर्यंत गाडी सुरू केली नाही.